तागडीतला जावई

त्या काळात कोल्हापुरात बारीक असणं हा काही गुन्हा नव्हता, पण गुन्हेगाराला जेवढा मान मिळायचा तेवढाही बारीक माणसाला मिळत नसे. मी तर असा बारीक की रंकाळ्यावर फिरायला गेलो आणि वारा सुटला, तर ओळखीचा कोणीतरी धावत येऊन माझा सदरा धरून ठेवायचा. सायकलवर बसलो की सायकल आपली आपणच चाललीय असं समजून लोक तिला थांबवायला पळायचे. एसटीत शेजारचा माणूस बेलाशक माझ्या मांडीवर गाठोडं ठेवायचा. जागा रिकामी दिसली, त्याचा तरी काय दोष? अनोळखी माणसं रस्त्यात अडवून विचारायची, "पावणं, दवाखान्यातनं आलासा का निघालासा?"

संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. मी कारकून म्हणून कचेरीत चिकटलो होतो आणि संस्थान गेलं तरी नोकरी राहिली होती. त्या एका गोष्टीच्या जोरावर माझ्यासारख्या काडीलाही एक स्थळ सांगून आलं. घर म्हशीवाल्याचं. मुलीचा बाप जुना पैलवान. दोन्ही कान कढईतल्या भज्यासारखे फुगलेले, मान तर नव्हतीच. कुस्त्या सुटल्यावर त्यानं म्हशी धरल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ म्हशी दूध कट्ट्यावर आणून बांधायच्या, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळता पेला तिथंच त्याच्या हातात द्यायचा. पाण्याचा थेंब घालायची सोय नाही. घालायचा म्हटलं तर म्हशीलाच विचारावं लागलं असतं.

त्यांच्या घरात एक रीत होती. जावई तोलून घ्यायचा. तालमीतल्या पैलवानांना पेलेल असा एकच काटा गावात होता, तो गुळाच्या बाजारात. खाटेएवढ्या दोन तागड्या, बैल बांधायच्या साखळ्या आणि वर वाड्याच्या तुळईसारखी दांडी. जोडीच्या कुस्तीआधी पैलवान तिथं तोलायचे. मुलीच्या आज्यानं हाच न्याय लग्नाला लावून ठेवला होता. एका तागडीत पोरगी, दुसरीत पोरगा. पोराची तागडी खाली गेली तर सुपारी फुटली, वर गेली तर पावण्यांनी चहा घेऊन गावाला जायचं.

मुलगी घरच्या दुधातुपावर वाढलेली. उंच, हाडापेरानं भक्कम. दोन घागरी काखेत आणि एक डोक्यावर घेऊन पायऱ्या चढायची आणि वर बोलायचीही. सुंदर होती का? होती. पण ते विचारायला कोणाला सवड होती! माझ्याआधी एक मास्तर आणि एक कंपाउंडर तागडीतनं उडून गेले होते. तेव्हापासून पेठेनं तिला 'तोफ' म्हणायला सुरुवात केली. समोर बसेल तो उडतो म्हणून. ती पाण्याला निघाली की गल्लीच्या तोंडाला बसलेले टगे तोंडानं आवाज काढायचे, "धुडुम!"

आमची पहिली तोलणी चैत्रात झाली. ती तिच्या तागडीत मांडी घालून बसली, मी माझ्या. मापाड्यानं खुंटी काढली. पुढचं मला एवढंच आठवतं की डोकं दांडीवर आपटलं आणि तिथनं बाजाराच्या पल्याडची कौलं दिसली. हमालांनी पाठीवरचे गुळाचे रवे (ढेपेला तिथं रवा म्हणतात) टाकले आणि हसायला खाली बसले. मापाडी म्हणाला, "पावण्यांच्या बाजूला एक रवा टाकू काय?"

"एक?" तिचा बाप म्हणाला. "आख्खी गाडी रिकामी कर." मग वर, म्हणजे माझ्याकडं, बघून गरजला, "पावणं, पोरगी तुमास्नी द्यायची का तुमास्नीच पोरीच्या वटीत घालायचं?"

बाजार पुन्हा एकदा फुटला. ती खालच्या तागडीत मान घालून बसली होती. मला वाटलं हसणं माझ्या वाट्याला आलंय. माझ्या वाट्याला फार तर चार आणे आलं होतं, उरलेले बारा आणे तिचे होते.

दुसरा कोणी असता तर त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. पण सरकारी नोकरीचं वजन वेगळं असतं, ते तागडीत दिसत नाही एवढंच. बापानं मला खांद्यावर हात ठेवून बाजूला घेतलं. (तो हात खांद्यावर आला आणि माझी उंची कमी झाली ती कायमचीच.) म्हणाला, "दसऱ्याला परत तोलू. तवर खाणं माजं, अंग तुमचं. तवाबी उडालासा, तर पोरगी गडहिंग्लजला दिऊन टाकतो."

गडहिंग्लजला म्हणजे एका बिजवराला. गूळ-मिरचीचा व्यापारी, दोन बायका मातीआड झालेल्या, पोरांची पलटण. तो बैलगाडीतनं उतरला की बैल मागं वळून बघायचे, खरंच उतरला का म्हणून. त्याला तोलायची गरजच नव्हती. तागडी त्याला बघूनच खाली बसली असती. त्यानं निरोप पाठवला होता, "घाई न्हाय. बायका काय, मिळत्यात. आधी मी दोन बगितल्या हायतच की."

दुसऱ्या दिवसापासून माझं खाणं सुरू झालं. पहाटे कट्ट्यावर म्हशीच्या आचळाखालनं थेट पेला, एक संपला की दुसरा. भोवतीचे पैलवान मोजायचे आणि शेरे मारायचे. तिथनं त्यांच्या घरी. ताटात भाकरी असायची म्हणे. मला कधी दिसली नाही, ती तुपाच्या तळाला असायची. लोण्याचा गोळा मुठीएवढा, आणि मूठ त्यांची. रविवारी मटण, त्यात चरबीचे पांढरेशुभ्र तुकडे वेचून माझ्या वाटीत. आधी मटणाचं आळणी पाणी प्यायचं, मग पांढरा रस्सा, मग तांबडा, आणि नळीतला मगज ओढता ओढता मला घेरी आली की बाप म्हणायचा, "आता लागलं बगा अंगाला!"

माझ्या आईला हे कळलं आणि तिचा पारा चढला. "आमी काय पोराला उपाशी ठेवलंय व्हय? त्यांच्या म्हशी त्या म्हशी, आनि आमी कोन?" असं म्हणून तिनंही संध्याकाळी तुपातला शिरा सुरू केला. दोन्हीकडनं तटबंदीला तोफा लागल्या. माझ्या घामाला कढवलेल्या तुपाचा वास यायला लागला. कचेरीत जाताना गल्लीतली मांजरं मला पोचवायला यायची. मी कागदाला बोट लावलं की कागद आरपार दिसायचा. साहेब पहिल्या पानावर बसून तिसऱ्या पानावरची चूक काढायचा.

आणि वजन? नाव नको. पोट तेवढं सुटलं, तेही बोराएवढं. काठीला लिंबू बांधल्यासारखा दिसायला लागलो. एवढं तूप गेलं कुठं, हे मला आजही कुणी सांगितलेलं नाही.

ताटात तूप वाढायचं काम मुलीचं. ताक तीच घुसळायची, लोणी तीच काढायची, तूपही तीच कढवायची. पळी हातात धरून ती माझ्यासमोर उभी राहायची आणि एकटक बघायची. मी मनातल्या मनात हरखून जायचो. कचेरीतल्या सोबत्यांना सांगायचो, "डोळ्याला डोळा देती. पापणी लवत न्हाय." त्यांनी माझ्याकडनं भजी उकळली त्या आनंदात.

श्रावणात एकदा ती अशीच उभी होती आणि तिच्या हातातली पळी थरथरली. तेव्हा मी पहिल्यांदा तिच्या हाताकडं बघितलं. बांगड्या कोपरापर्यंत खाली-वर जात होत्या. गाल आत गेले होते. मी बापाला विचारलं, "ह्यांना बरं नाही का?"

"तिला काय धाड भरलीया!" बाप खूश होऊन म्हणाला. "एक तागडी खाली येत न्हाय म्हटल्यावर दुसरी वर घ्याला नगं? चैतापासनं दूध-तूप बंद केलंय तिचं. सकाळी आंबील, राती अर्धी भाकरी नि मिरची. तेल न्हाय. वाड गं, पावण्यास्नी तूप वाड की! हात काय आकडतीस?"

तिनं वाढलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. चैत्रापासून ती तुपाकडं बघत होती.

मी ताट सरकवलं तर बाप गुरगुरला, "खावा! तुमी न्हाय खाल्लं तर तिचं उपास वाया जातील की!" मी बोलायला तोंड उघडलं तर त्यानं त्यात लोणी घातलं. ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलली, तेही पळीतलं तूप माझ्या भाकरीवर सोडता सोडता, दबक्या आवाजात. "मुकाट खावा. मला गडहिंग्लजला जायाचं न्हाय."

दसऱ्याआधी तिला चिडवायचा आपला वाटा पेठेनंही उचलला. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "काय गं, तोफ गंजली वाटतं?" एकीनं तिला घागर उचलून दिली आणि वर म्हणाली, "आता तुलाबी अशीच उचलून न्यावी लागंल, बिजवराला सोपं जाईल." ती ऐकून घ्यायची आणि अर्ध्या वाटेवर घागर टेकवून भिंतीला उभी राहायची.

तोलणीच्या दिवशी गुळाच्या बाजारात जत्रा लोटली. शिरोळच्या गाड्या गूळ उतरवायचं सोडून थांबल्या. गडहिंग्लजचा बिजवरही आला होता आणि पोत्यांच्या थप्पीवर बसून शेंगा सोलत होता. माझ्या आईनं रातोरात माझ्या कोटाच्या अस्तरात घरातली यच्चयावत लोखंडी मापं शिवून टाकली होती. मी चालताना मंदिराच्या घंटेसारखा वाजत होतो.

"कोट काडा," तिचा बाप म्हणाला. "पैलवान कापडासकट तोलत न्हाईत."

"तो पैलवान कुठं हाय?" आई ओरडली.

कोट खाली पडला आणि फरशीला तडा गेला. मग सदरा गेला, धोतर गेलं. हजारभर माणसांसमोर लंगोटावर, बोराएवढं पोट घेऊन मी तागडीत चढलो. पोती हसली, गाड्या हसल्या, माझ्या समजुतीप्रमाणं बैलही हसले. ती समोरच्या तागडीत बसली. चैत्रात बसली होती तेव्हा साखळ्या करकरल्या होत्या. आता आवाजच आला नाही.

मापाड्यानं खुंटी काढली. दांडी हलली, थांबली, पुन्हा हलली. बिजवराची शेंग तोंडाजवळ थांबली. मी पोटातला वारासुद्धा जड व्हावा म्हणून श्वास कोंडून बसलो. आणि हळूच, तुपात बोट बुडावं तशी, माझी तागडी खाली आली.

"तूप!" तिचा बाप दोन्ही हात वर करून बोंबलला. "म्हशीचं तूप, बगा रं! मुडद्याला मानूस क्येलं!" लोकांनी फेटे उडवले. पैलवानांनी त्याला खांद्यावर घेतला. त्या दिवसानंतर महिनाभर कट्ट्यावर दुधाला रांगा लागल्या. पेठेतल्या प्रत्येक बारक्या पोराला आया ओढत आणायच्या. माझ्या वजनात चैत्रापासून फार तर दोन-चार नारळांची भर पडली असेल. बाकी सगळं वजन समोरच्या तागडीतनं कमी झालं होतं. पण ते बघायला तिकडं बघावं लागलं असतं.

ती तागडीतनं उतरली आणि तिचे पाय मुडपले. पडली ती सरळ फरशीवर.

"उचला की पावणं!" बाप वरनं ओरडला. "तुमचीच हाय आता!"

मी वाकलो, दोन्ही हात घातले, जोर केला. कमरेत कळ आली. ती जागची हलली नाही. एवढ्या तुपाचा जावई, आणि उपाशी बायको उचलेना! ह्या वेळी बिजवर सगळ्यात मोठ्यानं हसला. शेवटी दोन हमाल पुढं आले आणि त्यांनी तिला रव्यासारखी उचलून दुकानाच्या पायरीवर ठेवली. शुद्धीत होती. शेजारच्या फुटक्या रव्याचं ढेकूळ तिनं उचललं आणि तोंडात कोंबलं. मग दुसरं. लोकांकडं पाठसुद्धा केली नाही.

बाप धावत आला. "ए, ए! हळू! लगीन हुईस्तवर तरी दम धर. अक्षतेच्या दिवशी कुनी परत तोलाय सांगितलं म्हंजी?"

तिनं बापाचा हात झटकला. "तोलायचं असंल तर म्हशी तोला, आबा. मी आता ह्यांची."

मी छाती पुढं काढणार, तेवढ्यात ती माझ्याकडं वळली. तोंडात गूळ, डोळे खोल गेलेले, आणि आवाज अगदी साधा. "आनि ऐका. उद्यापासनं तुमचं तूप बंद."

तिनं शब्द पाळला. तुपाचं भांडं लग्नापासून तिच्या ताब्यात आहे. पावण्यांना मिळतं, पोरांना मिळतं, एका भाडेकरूच्या कुत्र्यालाही मिळालंय. माझी भाकरी कोरडी. वर्षभरात ती पहिल्यासारखी भरली. माझं म्हणाल, तर तूप ओरपून जेवढा होतो तेवढाच तूप न खाता आहे. एकदा मी तिला तसं बोलून दाखवलं, की बघ, तुपानं काहीच फरक पडत नाही, तर एक चमचा वाढायला काय हरकत आहे?

ती आपल्या भाकरीवर तूप ओतत म्हणाली, "फरक पडत न्हाय ना? मग कशाला नासायचं?"