नाताळच्या पंगतीचा भात

आमच्या गावात कोणाकडे कार्य निघालं की तांदळाचा अंदाज मला विचारतात. माझा धान-तांदळाचा व्यापार आहे, लाखनीच्या बाजारात माल जातो. आमच्याकडे पोट भरतं ते भातानं, त्यामुळे किलोमागे सात माणसं धरायची. बोलावलेल्यांतून न येणारे वजा करायचे. माझा अंदाज सहसा चुकत नाही.

शेजारच्या सिस्टरनी नाताळच्या जेवणासाठी मला विचारलं, तेव्हाही मी हाच हिशेब मांडला. सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. गावात ख्रिस्ती घर त्यांचं एकच. दर नाताळला त्या घरोघरी फराळाचं ताट पाठवायच्या.

"यंदा अख्ख्या मोहल्ल्याला जेवायला बोलावते, भाऊ," त्या म्हणाल्या. "शंभर पानं धरा."

"रांधणार कोण?"

त्यांनी जिचं नाव घेतलं, ते मी पुन्हा एकदा विचारून घेतलं. ती बाई दोन महिन्यांपासून शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवत होती. नवरा वारलेला, पदरात एक मुलगी, म्हातारा बाप. या बापाला पूर्वी कुष्ठरोग झाला होता. सिस्टरनीच त्याला महिनोनमहिने गोळ्या देऊन बरं केलं होतं. रोग गेला, पण डाव्या हाताची बोटं वाकडी राहिली, आणि गावाला तेवढी बोटंच दिसायची. त्याची झोपडी तलावाच्या पाळीपलीकडे होती. लग्नाच्या पंगतीत त्याला कोणी बसवत नसे. सगळे उठल्यावर तो डबा घेऊन यायचा.

आता काही पालकांनी तक्रार केली होती, की त्या घरातल्या बाईच्या हातचं आमची पोरं खाणार नाहीत. काही मुलं घरून डबे आणू लागली होती. तिला ठेवायचं की काढायचं, हे शाळेची समिती जानेवारीत ठरवणार होती. माझी मुलगी सहावीत, म्हणून मीही समितीत होतो. तिला ठेवावं असं माझं मत होतं. पण वारं कुठे वाहतं आहे तेही मला दिसत होतं.

"सिस्टर," मी म्हणालो, "तुम्ही जेवायला घाला, पण कोणी रांधलं ते लोक उठल्यावर सांगा. मग कोणी काय बोलणार?"

"फसवून जेवू घालू?" त्या म्हणाल्या. "अहो, लोकांनी तिला जाणूनबुजून दूर ठेवलं. मग जवळ बसतील तेही जाणूनबुजूनच बसायला पाहिजे ना?"

मग त्यांनी मला येशूची गोष्ट सांगितली. एक कुष्ठरोगी त्याच्या पाया पडला, त्याला येशूनं हात लावला आणि तो बरा झाला. मी म्हटलं, "हे ऐकलंय मी."

"क्रम लक्षात घ्या. तुम्ही हिशेबी माणूस. आधी बरा केला नि मग हात लावला, असं नाही. आधी हात लावला. गोळ्या तर मीही दिल्या, भाऊ. त्याची बोटं मी धरली, पण गावानं कुठं धरली? म्हणून त्याचं दुखणं अजून संपलं नाही."

मी या गोष्टीकडे अशा अंगानं कधी पाहिलं नव्हतं. आमच्या घरी देवधर्म आहे, मी तो करतो आणि करत राहीन. पण आधी जवळ घ्यायचं नि मग बरं करायचं, हा देवाचा इतका सरळ हिशेब मला कोणी सांगितला नव्हता.

सिस्टर घरोघरी गेल्या. प्रत्येक दारात म्हणाल्या, "स्वयंपाक ती करणार आहे. पहिल्या पंगतीला तिचा बाप बसणार आहे. यायचं तर या." मी मनात वजाबाकी केली आणि चाळीस पानांचा तांदूळ सुचवला. त्यांनी शंभरांचाच घेतला.

नाताळच्या दुपारी अंगणात पट्ट्या अंथरल्या. म्हातारा धुतलेला सदरा घालून मधोमध बसला, डावा हात मांडीखाली दाबून. त्याच्या एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला मी. पलीकडे नाल्या साफ करणारी दोन माणसं आणि वीटभट्टीवरचं एक कुटुंब. मोहल्ल्यातले काही जण फाटकाशी उभे होते. कोणी आत येईना, कोणी जाईनाही. रांधणारी बाई भाताच्या गंजाजवळ उभी होती, हातातला झारा नुसताच धरून.

समितीचे अध्यक्ष आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आले.

"या जी अध्यक्ष, बसा," सिस्टर म्हणाल्या.

"आज माहा उपास हाय, सिस्टर. मायले आणून सोडलं फक्त."

"तुले कवापासून बुधवारचा उपास लागला बे?" आई म्हणाली. "सकाळी तं चार आलुबोंडे हाणले."

फाटकाशी हशा पिकला. अध्यक्ष म्हणाले, "माय, तुले समजत नाई..."

"समजते मले सारं. तू धर उपास. मले भूक लागली." आणि ती बुढी पंगतीत शिरली. मला म्हणाली, "सरक जरा, शेठ." मी सरकलो. ती म्हाताऱ्याच्या शेजारी बसली आणि त्याच्याकडे पाहून म्हणाली, "हात काहून लपवतेस रे? वाकडा हाय, चोरीचा तं नाई ना?" मग रांधणाऱ्या बाईकडे वळून, "भात टाक वो पोरी, उभी काय राहिली!"

म्हाताऱ्यानं हात वर काढला.

मग माणसं आली. सगळी नाही. काही फाटकावरूनच परत गेली. साठ-पासष्ट पानं उठली असतील. अध्यक्षही शेवटी बसले. मान खाली घालून जेवले, आणि वरण दोनदा मागितलं. माझा आकडा चुकला, सिस्टरचाही चुकला. उरलेला भात त्यांनी दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन आम्हा सगळ्यांना वाटला.

जानेवारीत समिती बसली. मी बोलायची तयारी करून गेलो होतो. अध्यक्षच आधी म्हणाले, "माह्या मायनं तिच्या हातचं खाल्लं, मी खाल्लं. आता पोरायले कोणत्या तोंडानं नाई म्हणू?" दोघांनी विरोध केला, आणि त्यांच्या मुलांचे डबे अजून येतात. बाकीच्यांनी हात वर केले. ती राहिली.

नंतरच्या एका बैठकीत तिच्याविरुद्ध पुन्हा तक्रार आली. मला वाटलं, तोच जुना विषय निघणार. एक आई उभी राहून म्हणाली, "खिचडीत मीठ लय होऊन राहिलं. पोरं पाणी पितेत नुसते." रांधणारी बाई दारातून म्हणाली, "उद्यापासून कमी टाकीन जी." आणि विषय संपला.

मी संध्याकाळी सिस्टरना हे सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "नुसतं मीठ? दुसरं काहीच नाही?"

"दुसरं काही नाही."

त्या हसल्या, आणि पदरानं चष्मा पुसू लागल्या.