साड्यांमधले अळूचे कंद

आमच्या घरात एक गोष्ट वर्षानुवर्षं चुकीची सांगितली जाते, आणि ती सांगत आलो आहे मीच.

मुलगा कंपनीतर्फे अमेरिकेला गेला, तो काळ. सोसायटीत जवळपास प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिकडे होतं. मग सुनेच्या, लेकीच्या बाळंतपणाला आईवडील जायचे. बुधवार पेठेतून आणलेला एक हुकाचा वजनकाटा साऱ्या सोसायटीत फिरायचा. काटा ज्याच्या घरी, त्याला जिन्यात विचारायचे, "काय, भरली का बॅग?"

आमची पाळी आली. मुलाला अळूची पातळ भाजी फार आवडायची आणि तिकडे अळू मिळत नाही, असं तो फोनवर म्हणाला होता. निघायच्या दिवशी मी मागच्या नळाजवळ वाढलेला अळू उपटला, कंद वर्तमानपत्रात गुंडाळले. लावील अंगणात, म्हटलं. माझी बॅग काट्यावर आधीच जड भरली होती. हिच्या बॅगेत वजनाला वाव होता. ही आंघोळीला गेली असताना पुडकं तिच्या साड्यांमध्ये सारलं आणि कुलूप लावलं. सांगितलं असतं तर तिनं काढायला लावलं असतं.

तिथल्या कस्टमच्या अधिकाऱ्यानं विचारलं, रोपं, बिया, माती काही आहे का? मी नाही म्हणालो. त्यानं हिची बॅग उघडली. पुडकं फाटलं आणि ओली माती टेबलावर सांडली.

"ही बॅग कुणी भरली?"

"माय वाइफ," मी म्हणालो.

हिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग त्यानं एकेक साडी, परकर, सगळं उलगडून टेबलावर टाकलं. मागे रांग उभी होती. कंद कचऱ्यात गेले, आम्हाला समज मिळाली. ही मान खाली घालून घड्या घालत राहिली.

त्याच दिवशी जेवताना मी मुलाला म्हणालो, "तुझी आई अमेरिकेत शेती करायला आलीये!" सगळे हसले. ही भात वाढत होती. मग ती गोष्ट मी जिन्यात सांगितली, लग्नाकार्यांत सांगितली. सोसायटीतली मुलं हिला अळूवाल्या काकू म्हणायला लागली.

नातवाच्या वेळी ही म्हणाली, "तुम्ही जा. मला नको ती तपासणी." मी एकटाच गेलो. विचारणाऱ्यांना सांगितलं, हिचे गुडघे दुखतात.

गेल्या महिन्यात नात पुण्यात आली. जिच्या जन्मासाठी आम्ही गेलो होतो, तीच. तिचं तिकडे लग्न ठरलंय.

"आजी, तू यायचंच. नो एक्स्क्यूज. अळू आणलास तरी चालेल!"

"मी इथूनच आशीर्वाद देते गं," ही म्हणाली. ही गवार मोडत होती.

पोरीचा चेहरा उतरला. तेव्हा मी म्हणालो, "ते कंद मी ठेवले होते. आजीला माहीतही नव्हतं."

"आबा, सीरियसली?" नात माझ्याकडे बघतच राहिली.

हिचा हात थांबला नाही. "माझ्या रेशमी साड्यांत चिखलाचं पुडकं मी ठेवीन? एवढं तरी कुणाला सुचायला हवं होतं."

"मग तू बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. नंतर तुमची गोष्ट इतकी रंगायला लागली, की म्हटलं असू दे, माणसाला तेवढाच विरंगुळा."

नात हसली. मला हसता आलं नाही.

गवार संपवून ही उठली आणि पोरीला म्हणाली, "येते मी. पण बॅग मी भरणार आणि किल्ली माझ्याकडे." मग माझ्याकडे वळून, "आणि कस्टमवाल्यानं काही विचारलं, तर आपण गप्प राहायचं. मी बोलेन."

तो जुना काटा आता कुणाकडे आहे, ते मी सोसायटीत विचारत फिरतो आहे. कशाला हवा म्हणून कुणी विचारलं, तर आधी अळूची गोष्ट सांगतो. नीट.