टॅनच्या जागी कॉट

"सगळ्यांनी सिद्ध केलंय मॅडम. ही एकटीच म्हणते, होत नाही." पेपर तपासणाऱ्या तुषार सरांनी एक उत्तरपत्रिका माझ्यापुढे सरकवली. सानिकाची. त्या प्रश्नाला शून्य.

शाळेतून रिटायर झाल्यापासून मी ठाण्यात नौपाड्यातल्या एका क्लासमध्ये दहावीचं गणित बघते. ही टेस्ट स्पेशल बॅचच्या निवडीची होती. त्या शून्यामुळे सानिका थोडक्यात बाहेर राहिलेली.

प्रश्न त्रिकोणमितीतल्या आयडेंटिटीचा. आयडेंटिटी म्हणजे कोन कोणताही घ्या, दोन्ही बाजू सारख्याच यायला हव्यात. सिद्ध करताना एक बाजू धरायची आणि पायरीपायरीने दुसरीपर्यंत न्यायची.

मी कागद ओढला. डाव्या बाजूला अपूर्णांक. वर एक अधिक टॅन स्क्वेअर, म्हणजे सेक स्क्वेअर. खाली एक अधिक कॉट स्क्वेअर, म्हणजे कोसेक स्क्वेअर. भागाकार केला की टॅन स्क्वेअर. पेपरात मात्र उजवीकडे कॉट स्क्वेअर छापलेलं. सानिका टॅनपर्यंत नीट आलेली आणि थांबलेली. खाली लिहिलेलं, 'कॉट येत नाही.' बाकीच्यांनी शेवटच्या ओळीत टॅनचा सरळ कॉट करून टाकलेला.

मी क्लासच्या मालकांकडे, देसाई सरांकडे गेले.

"प्रश्नपत्रिका मी स्वतः चेक केलीये," ते म्हणाले. "पंचेचाळीस अंश घातले. दोन्हीकडे एक आलं."

"पंचेचाळीसला टॅन आणि कॉट सारखेच असतात, सर. साठ घालून बघा."

त्यांनी घातले. डावीकडे तीन, उजवीकडे एक तृतीयांश. पेन खाली ठेवलं.

"पण निकाल लागलाय. आता बदलला तर पालक भांडायला येतील."

"नाही बदलला तर सानिकाचे बाबा येतील. आणि त्यांचं बरोबर असेल. बाकीच्यांना माझ्याकडे पाठवा."

टॅनपर्यंतच्या पायऱ्यांचे मार्क सगळ्यांना ठेवले, शेवटच्या ओळीचे कापले. सानिकाला पूर्ण दिले, ती स्पेशल बॅचमध्ये आली. मानपाड्याहून एका मुलाचे वडील आलेच. "मुलाचं उत्तर छापलंय तसंच आहे ना?" मी म्हटलं, "हो, तोच तर प्रॉब्लेम आहे." फळ्यावर साठ अंश घालून दाखवले. ते बघून ते निघून गेले.

सानिकाला निकाल सांगितला तेव्हा तिचे डोळे भरले. "मॅडम, मला वाटलं माझंच चुकतंय. परत परत करून बघितलेलं."

हल्ली प्रत्येक बॅचला मी एवढंच सांगते. शेवटची ओळ पेपरात छापलेलीच असते, ती कोणीही उतरवेल. मार्क मधल्या ओळींचे.