ओट्यावरचा बल्ब

मला पुण्यात नोकरी लागली तेव्हा कळमनुरीच्या घरी आई एकटी राहिली. तिन्हीसांजेला ओट्यावर अंधार असू नये, हा तिचा नेम. गुडघे धरल्यामुळे तिचं उठबस करणं अवघड झालं होतं. त्या काळी मी स्वतःला फार हुशार समजत असे. सुट्टीत गेलो आणि हौसेनं घेतलेला एक छोटा संगणक फोनशेजारच्या फळीवर बसवला, त्याला इंटरनेट आणि ओट्यावरचा बल्ब जोडला. वेबपानावर दोनच बटणं, लावा आणि बंद करा. ऑफिसातून बटण दाबलं की घरी उजेड पडायचा.

पण बल्ब खरंच लागला की उडाला, हे पानावर दिसत नसे. म्हणून रोज फोन करावा लागे.

"लागला का?"

"व्हय, लागला. हात जोडले म्या. तू जेवलास का?"

मग शेजारणीची व्यालेली शेळी, हळदीचा भाव, कुणाची सोयरीक, असा अर्धा तास जाई. खरं सांगतो, मला कंटाळा यायचा.

दिवाळीत मी बल्बजवळ उजेड ओळखणारा सेन्सर लावला आणि त्याची काळी वायर संगणकाला जोडली; आता बल्ब लागल्याचं पानावर दिसू लागलं. "ही काळी वायर आता सगळं कळवंल. रोज फोनची तकलीफ न्हाई," असं तिला ऐटीत सांगितलं. ती नुसतं बरं म्हणाली. त्यानंतर माझा फोन आठवड्यातून एकदा जाऊ लागला.

महिनाभरात पानावर 'माहिती नाही' असं येऊ लागलं. मी वैतागून फोन केला.

"उंदरानं वायर कुरतडली असंल," ती म्हणाली. "तू इचारत जाय की. मी हाय ना सांगायला."

रोजचा फोन पुन्हा सुरू झाला.

होळीला घरी गेलो. कपाटात टॉवेल शोधताना तिच्या लुगड्यांखाली ती काळी वायर सापडली. कुरतडलेली नव्हती. नीट सोडवून, गुंडाळून, वर दोरा बांधून ठेवलेली होती. मला माझीच लाज वाटली. वायर होती तशी परत ठेवली आणि टॉवेल घेऊन बाहेर आलो. त्या दिवसापासून ती असेपर्यंत एकाही सांजेचा फोन चुकवला नाही.

आता माझ्या घरातले सगळे दिवे मोबाइलवरून लागतात, आणि लागल्याचं लगेच कळवतात. जेवलास का, हे मात्र कुणी विचारत नाही.