संख्याशास्त्राला पोरी हव्यात

वनिता गेल्याचा फोन आला तेव्हा मी चारोटीला बसची वाट बघत उभी होते. फोनवर तिचा भाऊ होता. कावीळ अंगावर काढली, दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला... एवढंच मला समजलं. बस आली आणि गेली, हात करायचंही सुचलं नाही.

२०१४ साली डहाणूत अकरावीला आम्ही दोघींनी संख्याशास्त्र घेतलं. मी घेतलं ते इतिहासातल्या सनावळ्या चुकवायला. सायवनच्या वनिताला मात्र आकड्यांची मनापासून ओढ. सरांनी पहिल्याच प्रात्यक्षिकाला चिकूंची वजनं करून आणायला सांगितली. सुट्टीत ती आईबरोबर वाडीत चिकू निवडायला जायची, त्यामुळे आमची तर चंगळच. पण तिने आणलेली वजनं जवळजवळ सगळी सारखी! हे चिकू साच्यातून काढलेत की काय, असं सरांनी विचारलं. झालं होतं असं, की फळ उचलतानाच तिचा हात सवयीने बारके, डागी, फार मोठे चिकू बाजूला सारत होता. नमुना कसा निवडू नये हे वर्गाला वनितानेच शिकवलं, असं मी पुढे कायम तिला चिडवायचे. दुसऱ्या खेपेला ती डोळे मिटून टोपलीत हात घालत होती. ही काय आंधळी कोशिंबीर, म्हणून मी हसले.

"डोळं उघडं असलं का हात माझा ऐकत नाय," ती म्हणाली.

बारावीत कळलं, की पुढच्या वर्षी मुलं मिळाली नाहीत तर हा विषयच बंद होणार. आम्ही बाकीच्यांनी हळहळून सोडून दिलं. तिला चैन पडेना. दहावीचा निकाल लागल्यावर ती पाड्यापाड्यांवर फिरली, पोरींना गाठलं, त्यांच्या आईबापांसमोर ठाण मांडून बसली. यात घोकंपट्टी नाही, डोकं चालवलं की झालं, असं सांगायची. पुढे पालघरला पदवीला गेली तरी दर जूनमध्ये तिची ही फेरी ठरलेली. विषय टिकला तर शिकून परत येऊन इथेच शिकवता येईल, एवढा एकच तिचा हट्ट. यंदा ती पदवीधर झाली, वर्गही भरला. आणि ती नाही... हे मला अजून पचत नाही. कधी कधी तिचा रागच येतो.

मागच्या आठवड्यात सरांनी बोलावलं म्हणून कॉलेजात गेले. ही वनिताची मैत्रीण, असं सरांनी सांगताच अकरावीच्या पोरी माझ्याकडे वळून बघायला लागल्या. मग मागच्या बाकावरची एक हळूच म्हणाली, "ताई बोललेली, तुमी नाव घाला, शिकवाय मीच येते."

सरांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. एकेक पोर उठून हजर म्हणत होती, त्यातल्या बहुतेक तिनेच आणलेल्या. सगळी नावं संपली, तरी मी दाराकडे बघत होते.