निळी पडलेली सुरी

"ती सुरी वहिनीनं केली. बाईमाणसाचं काम, आन् काय होणार!" पुंजाराम अंगणात छाती काढून सांगत होता.

समोर शेजारच्या मिश्रीलालची आई इचरजबाई कमरेवर हात ठेवून उभी. "सून पानबाई अडून राह्यली, आन् या सुरीनं सुतळी बी कापंना! नाळ काय दातानं तोडायची?"

चुलीपाशी बसलेल्या वहिनीनं, चतुराबाईनं, भिंतीआडून सगळं ऐकलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

निजामाचं राज्य जाऊन चार वर्षं झाल्ती. नवरा गेल्यावर तिनं मोडक्या शिलाई मशीनच्या पायट्याला चामडी पट्टा जोडला, वर धारेचा गोल दगड बसवला आणि जुन्या कानशींच्या सुऱ्या करायला लागली. धावडा गावात कुणाला दिवस गेले, की बाळंतिणीच्या उशाशी ठेवायला तिचीच सुरी. जाफराबादच्या बाजारात मात्र हा दीर त्याच सुऱ्या आपल्या हातच्या म्हणून विकायचा. चांगली निघाली की त्याची, बोथट निघाली की हिची! कुठला न्याय म्हणायचा हा?

ती बाहेर आली. सुरी उचलून उन्हात धरली. धार मोरपिसासारखी निळी.

"भावजी, हे काय हाय?"

"डाग हाय."

"डाग न्हाई, तुमची घाई हाय. सुरी मी केली, पण धार तुम्ही लावली. दाबून घासली, पाण्यात एकदा बी बुडवली न्हाई. जळलं पातं. आन् नाव माझं सांगता?"

पुंजाराम जोडे शोधायला लागला.

चतुराबाई पायट्यावर बसली. दोनदा घासायची, अंगठा लावून बघायची, की लगेच गाडग्यातल्या पाण्यात बुडवायची. इचरजबाई म्हणाली, "जल्दी कर गं बाई!"

"जल्दीनंच तर हे झालं, काकी."

निळं सगळं घासून गेलं. तिनं सुतळी कापून दाखवली आणि सुरी जमिनीवर ठेवली. हातात दिली तर वैर येतं. इचरजबाईनं ती उचलली आणि पळाली. दिवस मावळायच्या आत पानबाई सुटली, मुलगी झाली.

पुंजारामानं पुढच्या बाजारात तीही गोष्ट आपल्याच नावावर सांगितली. लाज म्हणून न्हाई माणसाला! तेव्हापासून चतुराबाईनं एकही सुरी त्याच्या हाती लागू दिली न्हाई. घरोघर स्वतः जायची.

सात वर्षांनी, अंगात ताप असताना, गावातल्या नंदाबाईच्या बाळंतपणाला आलेल्या लेकीसाठी सुरी घेऊन गेली. ती तिच्या हातची शेवटची सुरी. उंबऱ्याशी सुतळी कापली, सुरी खाली ठेवली.

"वल्ली ठेवू नका, गंजंल," म्हणाली, आणि पदर सावरत घराकडं निघाली.