उत्तरेचा आठवडा

फोल्कर्ट बायल्समाला देशाच्या उत्तरेकडच्या आमच्या गावात दोन कारणांनी ओळखतात. एक म्हणजे बोटींना वाट द्यायला तो कालव्यावरचा पूल उचलतो. दुसरं, बावीस वर्षं त्याने दर फेब्रुवारीत आपल्या मित्रांना ऑस्ट्रियाच्या डोंगरात स्कीइंगला नेलं आणि सगळी हाडं शाबूत परत आणली. हिवाळ्यात कालव्यात बोटी फिरकत नाहीत, त्यामुळे पुलावरच्या खोलीत बसून हा गडी याद्या करायचा. कोणाच्या बुटाचं माप काय, कोणाला कांदा चालत नाही, कोण घोरतं. घोरणाऱ्यांना वेगळी खोली द्यायची, ही अक्कल त्याचीच. माणूस इतका व्यवस्थित की त्याच्या शेजारी बसायलासुद्धा धास्ती वाटावी.

त्याचं पापही सांगायलाच हवं. पाच वर्षांपूर्वी निघायला तीन दिवस उरले असताना त्याच्या बायकोचं, बाउक्येचं, पोटाचं मोठं ऑपरेशन ठरलं. सगळे म्हणाले, तू थांब, आमचं आम्ही बघू. हा म्हणाला, "मी नसलो तर गाडी कोण चालवणार? गट थांबत नाही." आणि गेला. आठवड्याने उन्हाने रापलेलं तोंड आणि चीजची मोठी चकती घेऊन परतला, तेव्हा मुलीने, रिन्स्केने, आईला दवाखान्यातून घरी आणलेलं होतं. बाउक्येने त्या चीजला हात लावला नाही. वसंतात तिने घटस्फोट मागितला. रिन्स्केचा संसार तेव्हा इथून अर्ध्या तासावर होता. वर्षभरात ती नवरा-मुलांसकट दक्षिणेला डेन बॉसला गेली आणि आईलाही घेऊन गेली. त्यानंतर बापलेकीत ना फोन ना पत्र. गटाचा बर्फातला आठवडाही त्याच वर्षी बंद पडला. का, ते कोणी बोलून दाखवलं नाही.

आणि गेल्या ऑगस्टमध्ये रिन्स्केचं कार्ड आलं. तीन ओळी. 'मुलांना बर्फ बघायचाय. पूर्वीसारखे सगळे असतील तर मी आणि दोन्ही मुलं येऊ. एकटे तुम्ही असाल तर नको.'

फोल्कर्टने ते पुलावरच्या खोलीत उभ्यानेच वाचलं आणि मग तो खुर्चीत बसला. खाली एक बोट भोंगा वाजवून वाजवून रडकुंडीला आली, तरी पूल काही उचलेना. नातवाला शेवटचं बघितलं तेव्हा त्याला धड चालता येत नव्हतं.

मग त्याने मेलेला गट जिवंत करायला घेतला. वीब्रनचा गुडघा नवीन बसवलेला. त्याची बायको मिंके गावच्या शाळेत शिकवते, तिला सुट्टीत नुसतं झोपायचं होतं. गेर्लोफला एका डोळ्याने दिसत नाही आणि त्याच्या बायकोला बर्फच आवडत नाही, बावीस वर्षं ती केवळ केकसाठी येत होती. फोल्कर्टने एकेकाच्या नाकदुऱ्या काढल्या. स्वयंपाक मी करीन, भांडी मी घाशीन, येता-जाता सगळी गाडी मी हाकीन. गेर्लोफला खालची खोली. सकाळी सातला कोणाच्या दारावर थाप नाही.

"सातची थाप नाही म्हणतोयस?" वीब्रन म्हणाला. "बरा आहेस ना? की काही दुखणं लपवतोयस?"

"ती येतेय रे," फोल्कर्ट म्हणाला.

वीब्रन यायला कबूल झाला.

नेहमीचं घर, नेहमीचा आठवडा. फोल्कर्टने मुलीला तारखा कळवल्या. उलट एकच शब्द आला, 'बघू'. आमच्याकडे 'बघू' म्हणजे काय ते शेंबडं पोरही सांगेल. पण आशा माणसाला बहिरं करते. त्याने यादीत तीन नावं पक्क्या शाईने लिहिली.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी सगळे त्याच्या टेबलाभोवती जमले. वाटाण्याचं घट्ट सूप होतं, राईचा काळा पाव होता. फोल्कर्टने प्रत्येकापुढे एकेक कागद ठेवला. मिंकेने चष्मा लावला, कागद वाचला, मग परत वाचला.

"रिन्स्केची पोरं डेन बॉसच्याच शाळेत जातात ना?" तिने विचारलं.

"हो. का गं?"

"फोल्कर्ट, हा आपला आठवडा आहे. उत्तरेचा. दक्षिणेची सुट्टी यंदा त्याच्या आदल्या आठवड्यात संपते."

टेबलावरचे चमचे थांबले. सगळा देश एकाच दिवशी रस्त्यावर उतरू नये म्हणून आमच्याकडे शाळांच्या सुट्ट्यांसाठी देशाचे तीन भाग केलेत. पहिलीतल्या पोराला विचारा, तेही सांगेल. आणि या यादीबहाद्दराने, बावीस वर्षं उत्तरेच्या सुट्टीवर बोट ठेवायची सवय असलेल्याने, डोळे मिटून तिथेच बोट ठेवलं होतं. शाळा चालू असताना पोरांना डोंगरात न्यावं, तर हजेरीचा अधिकारी दंडाची पावती घेऊन दारात उभा.

"एक आठवडा पुढेमागे, त्यात काय," फोल्कर्ट म्हणाला आणि उठून त्याने थेट ऑस्ट्रियाला फोन लावला. घरमालकीणबाई म्हणाल्या, आदला आठवडा गेली दहा वर्षं बेल्जियमच्या एका मंडळाकडे आहे, ते मेल्याशिवाय सोडणार नाहीत. माझ्या बहिणीकडे वरच्या अंगाला दोन खोल्या आहेत, चार खाटा. शेजारच्या घरातही जागा निघेल, पण आज सांगा.

फोल्कर्ट टेबलाशी परत आला. "जागा मिळतेय! सगळ्यांना! फक्त आठवडाभर आधी निघायचं."

"आणि माझी शाळा?" मिंके म्हणाली.

"आजारी पड."

"तीस वर्षांत एकदाही खोटं आजारपण काढलं नाही मी."

"मग हे एकदा काढ. मिंके, पाया पडतो तुझ्या." आणि खरंच, आमच्या गावात जे कोणी कधी करत नाही ते त्याने केलं. टेबलाला वळसा घालून तिच्या खुर्चीजवळ गुडघ्यावर बसला. गेर्लोफच्या बायकोने मान फिरवली.

"ऊठ," वीब्रन म्हणाला. "ऊठ रे. एक विचारू? बाउक्येचं पोट फाडायचं ठरलं तेव्हा आम्ही चौघांनीही तुला सांगितलं, थांब. तू काय म्हणालास?"

फोल्कर्ट उठून आपल्या खुर्चीत बसला.

"गट थांबत नाही म्हणालास. आणि आम्हीही गेलो तुझ्यामागून, मेंढरांसारखे. मला अजून लाज वाटते त्याची. आता तू म्हणतोस मिंकेने खोटं बोलावं आणि गटाने तुझ्यासाठी गाडी फिरवावी."

"माझ्यासाठी नाही. पोरांसाठी."

"पोरांची शाळा कुठे आहे, तेवढंही बघितलं नाहीस ना तू?"

सूप गार झालं. फोल्कर्टने कागदांच्या कडा जुळवल्या आणि तो म्हणाला, "मग मी तुमच्याबरोबर येत नाही. मी आदल्या आठवड्यात जातो. त्या दोन खोल्या घेतो."

"आणि आम्हाला कोण नेणार?" गेर्लोफने विचारलं. "मी? एका डोळ्याने? की हा, या गुडघ्याने?"

"गट थांबेल," फोल्कर्ट म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून निघाले तेव्हा मिंकेच्या डोळ्यात पाणी आलं, पण गेर्लोफने कोट उचलला होता. जो माणूस तीन महिने आपल्या हातापाया पडून आपल्याला तयार करतो आणि मग टेबलावरच टाकून देतो, त्याच्यावर चिडायचा हक्क गेर्लोफला होता. मला विचाराल तर तो पुरेसा चिडलासुद्धा नाही. संध्याकाळच्या आत फोनवरच्या गटातून एकेक जण बाहेर पडला. शेवटी वीब्रन. बावीस वर्षांच्या गटात एकटा फोल्कर्ट उरला.

दोन खोल्या त्याने नक्की केल्या. चार खाटा, तो आणि ती तिघं, बरोब्बर. कार्डावरची तिसरी ओळ त्याला पाठ होती. तरी मनाशी म्हणाला, मी सगळं सोडलंय हे कळल्यावर तिला पटेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्याने लेकीला फोन लावला. आपण काय सोडलं ते आधी सांगायचं की काय मिळवलं ते, याचासुद्धा त्याने कागद केला होता. फोन उचलल्यावर सगळं उलटसुलट झालं.

"रिन्स्के, तारीख चुकली होती माझी. पण मी सगळं बदललंय. तुमच्याच सुट्टीत. गट येत नाहीये, मी नाही म्हणालो त्यांना. फक्त तुमच्यासाठी."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"मला माहीत होतं चुकलीय ते," ती म्हणाली. "तुम्ही कळवलंत त्याच दिवशी दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते, बाबा. म्हटलं, आज बघतील, उद्या बघतील. एक महिना थांबले. मग आईनेच घर बघितलं. त्याच डोंगरात, आमच्या सुट्टीत. ऑक्टोबरातच पक्कं झालं. ती, मी आणि मुलं."

"बाउक्ये? बर्फात?"

"तिला नेहमी बर्फात उतरायचं असायचं. पण तुमच्या यादीत तिच्या नावापुढे फक्त स्वयंपाक असायचा."

तेलही गेलं, तूपही गेलं. चूक कुणाची म्हणून ओरडावं तर कुणावर? फोल्कर्टला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही, फोन कानाशी तसाच धरून तो रडला. ती फोन ठेवते म्हणाली नाही, एवढंच.

"बाबा," मग ती म्हणाली, "गाडी मी चालवणारे. वरच्या रस्त्याला बर्फात घसरू नये म्हणून चाकांना साखळ्या लावाव्या लागतात म्हणे. आईला येत नाही. मी कधी लावल्या नाहीत. कशा लावायच्या?"

त्याने बाहीने नाक पुसलं. "आधी गाडी सपाट जागी घ्यायची. चढावर नाही. हातमोजे रबराचे घ्यायचे, लोकरीचे नाही, लोकर भिजते. साखळी जमिनीवर पसरायची, पीळ सोडवायचा. घाई करायची नाही. पुढच्या चाकांनाच लावायची, तुझी गाडी पुढच्या चाकांवर ओढते ना?"

"हो."

"बघ, आधी हे विचारायला हवं होतं मी. मग चाकाच्या मागून कडी घ्यायची..."

तो सावकाश सांगत गेला. एकेक कडी, एकेक हुक. पन्नास मीटर गाडी चालवून पुन्हा उतरायचं, पुन्हा ताणायचं. सगळं सांगून झालं, सांगण्यासारखं काहीच उरलं नाही, आणि आता ती फोन ठेवणार, अशी त्याला भीती वाटली.

"सगळं कळलं?" त्याने विचारलं.

"थांबा, पेन घेते," रिन्स्के म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून सांगा."